बत्तीस मात्रांचा ढग

मी कवडसा बोलतोय. छपराच्या भोकातून पडतो तो नव्हे, बँडवर वाजतो तो! क्लॅरिओनेट, कॉर्नेट, मोठे भोंगे, झांजा, साइड ड्रम, बडा ढोल अशा अठरा वाद्यांसाठी बांधलेली मी एक गत आहे, म्हणजे वाजवायची धून. माझा पहिला वाढदिवसही अजून झालेला नाही, पण एवढ्यात इतकं घडून गेलंय की कुठून धरू आणि कुठं सोडू, असं झालंय मला.

धरतो गारखेड्यापासून. औरंगाबाद शहराच्या दक्षिणेला हे गाव. तिथं कडूबा आणि बन्सी हे दोघे भाऊ. कडूबा थोरला, बोलण्याआधी तीनदा विचार करणारा. बन्सी धाकटा, बोलून झाल्यावर विचार करणारा. कडूबा सातवीपर्यंत शिकला. बन्सीनं दुसरीतच मास्तरांच्या टेबलावर ठेका धरला आणि मास्तरांनी त्याला पाटीसकट घरी पाठवलं. तो परत गेलाच नाही.

दोघेही शहागंजातल्या चांदपाशा उस्तादांच्या बँडपार्टीत वाजवायचे. कडूबा क्लॅरिओनेटवर, बन्सी बड्या ढोलावर. उस्ताद म्हणजे निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये पंधरा वर्षं काढलेला माणूस. पोलीस ॲक्शन झाली, पलटण मोडली, पलटणीचा बँडही मोडला. तेव्हापासून उस्ताद वरातीत वाजवतात. याला आता सहा-सात वर्षं होऊन गेली, पण छाती अजून परेडच्या मैदानावर असल्यासारखी पुढं. "बाजा बराती का है तो क्या हुआ," ते पोरांना दटावायचे, "चलना पलटन का होना!"

चातुर्मासात लग्नं नसतात. चार महिने बँडवाल्यांचे हात रिकामे. त्या दिवसांत कडूबा अजिंठ्याला जायचा, आरसा धरायला.

हे काम भारी आहे हो! लेणी आतून काळीकुट्ट. भिंतीभर चित्रं, पण दिसायची कशी? म्हणून एक माणूस बाहेर उन्हात मोठा आरसा घेऊन उभा राहतो आणि ऊन दारातून आत फेकतो. आत दुसरा माणूस पांढरं कापड ताणून बसलेला असतो. ऊन त्या कापडावर पडतं, कापडावरून भिंतीवर पसरतं, आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे डोळे अंधारातून तुमच्याकडं बघायला लागतात.

कडूबा बाहेरचा माणूस. आत काय उजळलं ते त्याला कधी दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. ऊन आत गेलं की पाहुण्यांचा श्वास वर जायचा, पावलं सरकायची, कुणीतरी हळूच बोलायचं. श्रावणात मात्र मध्येच ढग यायचा. आरसा विझायचा. आतले सगळे लोक अंधारात. तुम्हाला वाटेल, लोक ओरडत असतील, बाहेर पळत असतील. नाही! एकही माणूस हलायचा नाही. सगळे गप्प, उजेडाची वाट बघत. ती शांतता दारातून बाहेर येऊन कडूबाच्या अंगाला लागायची. मग ढग सरायचा, ऊन आरशावर पडायचं, आणि आतून असा काही आवाज उठायचा की आरसा धरलेल्या हातांवर काटा यायचा.

तिथं जन्मलो मी. श्रावणात, दोन ढगांच्या मध्ये.

कडूबानं मला वहीत सारेगमच्या अक्षरांत मांडलं. सुरुवातीला एकटी क्लॅरिओनेट, सरळ, बारीक, दारातून आत घुसणाऱ्या उन्हासारखी. मग कॉर्नेट येतात आणि ते ऊन पसरतं. मग भोंगे, झांजा, ड्रम, आणि भिंतच्या भिंत उघडते! आणि ऐन भरात आलो की ढग. बत्तीस मात्रा, काही नाही. साधारण अर्धं मिनिट. वहीत त्या ठिकाणी कडूबानं चार ओळी शिसपेन्सिलीनं घोटून घोटून काळ्या केल्या. मग तेहतिसाव्या मात्रेला बड्या ढोलाचा एकच ठोका, आणि अठराच्या अठरा वाद्यं एकदम.

दसऱ्याला कडूबा परत आला आणि शहागंजातल्या खोलीत माझी पहिली तालीम झाली. काय सांगू! पहिल्या दहा ओळींतच खिडकीशी लोक जमले. कॉर्नेटवाला मुबारक, जो कुणालाच कधी चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, "कडूबाभाऊ, ह्ये तू बनवलं? का कुठल्या लेण्यातून चोरून आणलं?"

मग काळ्या ओळी आल्या.

"शाई सांडली का रं हितं?" मुबारकनं विचारलं.

"शाई नाय. ढग हाये," कडूबा म्हणाला.

"आन् ढग वाजवायचा कसा?"

"वाजवायचा नाय. बत्तीस मात्रा गप उभं ऱ्हायचं."

खोली हसून हसून लोळली. बँडवाल्यांना गप उभं राहणं ठाऊकच नसतं हो! वरात चालू असताना बँड थांबला की लोक मागून ओरडतात, 'काय झालं? घोडं मेलं काय?' थांबणं म्हणजे अपशकुन. क्लॅरिओनेटवाल्याचा दम संपला तर कॉर्नेट भरून काढतो, सगळ्यांचे ओठ सुजले तर ड्रम चालू राहतो, आणि कोणीच उरलं नाही तर बडा ढोल. वयाच्या तेराव्या वर्षापासून बन्सीला एवढंच शिकवलेलं: काही झालं तरी तुझा हात थांबता कामा नये. आणि आता सख्खा भाऊ सांगत होता, थांब.

त्यानं प्रयत्न केला. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्या मात्रेला धडाम्! पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा धडाम्! तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा कडूबा एवढंच म्हणाला, "बन्स्या, हात आवर."

बन्सी तापला. "ढोल गपच बसवायचा असंल तर ढोलवाला कशाला पायजे? एक दगड आणून ठीव माज्या जागी!" काठी भिरकावून तो निघून गेला.

कडूबानं काठी उचलली आणि गारखेड्यापर्यंत त्याच्या मागं मागं चालत गेला. बन्सीनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाला ताप भरला. बन्सी रुसलेलाच. त्याच घरात, त्याच ओसरीवर, पण बोलेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आला, सुई टोचून गेला. चौथ्या दिवशी सकाळी कडूबाचा श्वास लांब लांब व्हायला लागला. बन्सी खाटेशी बसला होता. काय बोलावं ते त्याच्या तोंडात येत होतं आणि येत नव्हतं. एक श्वास आला. मग पुढच्याची वाट. आला. मग पुढच्याची वाट.

मग आलाच नाही.

मी एक गत आहे. ज्यानं मला बांधलं त्याला मी रडूही शकलो नाही, कारण मला आवाज द्यायला कुणीतरी वाजवावं लागतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बन्सी वही घेऊन शहागंजात आला. डोकं भादरलेलं, डोळे लाल. "उस्ताद, पौषातल्या चढाओढीत ही गत वाजवायची."

चढाओढ म्हणजे दोन बँड समोरासमोर. पौषातही लग्नं नसतात, म्हणून तात्यासाहेबांनी तेव्हाच आमखास मैदानावर ती ठेवली होती. तात्यासाहेब शहरातले मोठे वकील, संगीताचे शौकीन. जो बँड जिंकेल त्याला सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत झेंड्याच्या पुढं चालायचा मान. उस्तादांना तो मान हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता. सहा-सात वर्षं नवरदेवांच्या पुढं चालून झालं होतं, एकदा झेंड्यापुढं चालायचं होतं. आणि चढाओढीचा नियम एकच, जुना, सगळ्यांना पाठ: वाजवता वाजवता जो बँड थांबला तो 'तुटला'. घंटा वाजते, पाळी जाते, हार.

"गत बजाएंगे बेटा," उस्ताद हळू आवाजात म्हणाले. कडूबाला त्यांनी बारा वर्षांचा असताना फुंक कशी मारायची ते शिकवलं होतं. "पर ढग नक्को. उतनी जगह साइड ड्रम भर देंगे. किसकू मालूम पडता?"

"मला मालूम पडतंय," बन्सी म्हणाला. "ढगासकट वाजवायची. नायतर वही द्या हिकडं, मी एकटा ढोलावर वाजवतो मैदानात, लोक हसू द्यात."

उस्तादांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. शेवटी म्हणाले, "एक बार. सिर्फ एक बार. मैदान गया तो ये वही मेरी पेटी में जाएगी, और फिर इसका नाम नै लेना. मंजूर?"

"मंजूर."

असं माझं नशीब बांधलं गेलं. एकदा, अख्खा. हरलो तर कायमचा पेटीत.

पण बन्सीचा हात! रोज तालीम, रोज सहाव्या मात्रेला धडाम्. सगळ्यांना वाटायचं, उतावळा आहे, सवय जात नाही. कडूबा असताना ती सवयच होती; आता खरं काय ते मला माहीत होतं. पहिल्या पाच मात्रा तो नीट उभा राहायचा. सहाव्याला त्या शांततेत त्याला खाट ऐकू यायची. एक श्वास, आणि मग पुढच्याची वाट. ती वाट त्याला सोसायची नाही. काहीतरी वाजावं, काहीही, म्हणून हात उठायचा.

"बन्सीभाऊ, तुझा हात बांधून ठिवू का झेंड्याच्या दांड्याला?" मुबारक चिडून म्हणाला. बन्सी त्याच्या अंगावर धावला. दोघांना चौघांनी धरलं.

त्या दिवशी घरी येऊन तो उंबऱ्यावर बसला आणि स्वतःच्या गुडघ्यांवर थापा मारत राहिला. त्याची आई, दगडाबाई, समोर ज्वारी निवडत होती. महिन्याभरात ती दहा वाक्यंही बोलली नसेल.

"काय करतुयास?"

"थांबायला शिकतोय."

"असं वाजवून?" ती म्हणाली. "तुझा हात रिकामा ऱ्हायला की वाजणारच. पोटात हुतास तवाबी लाथाच मारायचास. हाताला काम दे काहीतरी. किती मोजायचं असतंय तुला?"

"बत्तीस."

"मंग दोन हात पुरतेत की." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याचा डावा हात हातात घेतला. त्याचाच अंगठा करंगळीच्या पेरांवरून नेला, एक, दोन, तीन, आणि शेंड्याला चार. मग पुढचं बोट. "चार बोटं, चारी चोक सोळा. सोळा सोमवार मी असेच मोजले. ह्यो हात कडूबाचा. कडूबा व्हायच्या आधी हाच्यावर मोजले." मग तिनं उजवा हात धरला. "आन् ह्यो तुझा."

ती परत ज्वारी निवडायला लागली. बन्सी उंबऱ्यावर बसून अंगठा पेरांवरून फिरवत राहिला, अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यानं काठीला दोरी बांधली आणि दोरी मनगटात अडकवली. ढग आला की काठी सोडून द्यायची, लोंबू द्यायची. बोटं मोजायला मोकळी. पहिल्याच दिवशी अठरापर्यंत पोचला! दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी बत्तीस, आणि तेहतिसाव्याला असा ठोका पडला की खोलीच्या कौलातली धूळ उस्तादांच्या टोपीवर पडली. मुबारक सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "वा रं पठ्ठ्या!" आणि मग लाजला.

चढाओढीचा दिवस! ऊन असं लख्ख की भोंग्यांकडं बघवेना. आमखास मैदानावर गुलमंडीपासून चिकलठाण्यापर्यंतची माणसं. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. मंचावर तात्यासाहेब, समोर पितळी घंटा. एकीकडं आमचे अठरा, समोर जालन्याच्या राहत मास्तरांचे वीस जण, लाल कोट, नवे पट्टे. राहत मास्तर म्हणजे बारीक अंगाचा, टोकदार डोळ्यांचा माणूस. आधी त्यांची पाळी झाली. झकास वाजवलं त्यांनी, खोटं का बोलू.

मग आमची पाळी. कडूबाच्या जागी क्लॅरिओनेटवर एक नवा होता, पण त्यानं पहिला सूर बरोबर लावला आणि मी निघालो! मैदान हळूहळू माझ्याकडं वळलं. शेंगा सोलणारे हात थांबले. कॉर्नेट आले, भोंगे आले, झांजा आल्या, बन्सीचा ढोल खाली जमिनीतून लोकांच्या पोटऱ्यांत शिरला. आजवर खोलीत कोंडलेला मी, आज आभाळाएवढा!

आणि ढग.

काठी लोंबली. बन्सीचा अंगठा डाव्या करंगळीच्या पहिल्या पेरावर.

पाच मात्रांपर्यंत लोकांना कळलंच नाही. मग पुटपुट. मग कुणीतरी ओरडलं, "तुटला! तुटला रे!" "चांदपाशाची हवा गेली!" शिट्ट्या, हसणं. बारा, तेरा, चौदा. उस्तादांच्या हातात छडी होती. त्यांनी नुसती एक खूण केली असती तर साइड ड्रमनं ढग भरून काढला असता आणि पाळी वाचली असती. उस्तादांनी बन्सीच्या बोटांकडं पाहिलं आणि छडी काखेत घातली.

डाव्या हाताचं शेवटचं पेर. सोळा. घंटा वाजली.

म्हणजे हरलो. नियमाप्रमाणं आता राहत मास्तरांनी सुरू करायचं. त्यांनी छडी उचलली, वीस जणांनी वाद्यं तोंडाला लावली. बन्सीचा अंगठा उजव्या हातावर गेला. घंटा त्यानं ऐकली होती, खाटही ऐकत होता. हात उठला नाही. हाताला काम होतं.

सतरा. अठरा. राहत मास्तरांनी पाहिलं, हरलेल्या बँडमधल्या एकाही माणसानं वाद्य खाली घेतलेलं नाही. त्यांची छडी हवेत तशीच राहिली. आता दोन्ही बँड गप्प! अशी गोष्ट शहरानं कधी पाहिली नव्हती. ओरडणारे गोंधळले. एकानं दुसऱ्याला चूप केलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पंचवीस, सव्वीस. शेवटच्या सहा मात्रांत मैदानावर शिट्टी नाही, खोकला नाही, काही नाही. हजारो माणसं उभी, कशाची वाट बघतोय ते माहीत नसताना वाट बघत.

बत्तीस.

धम्!

आणि अठराच्या अठरा! काय झालं ते मला सांगता येणार नाही, मी स्वतःच होतो ना ते! टोप्या उडाल्या. झाडावरचा एक जण फांदीसकट खाली आला आणि उठून नाचायला लागला. बन्सी रडत होता आणि वाजवत होता, आणि एकही ठोका चुकत नव्हता.

निकाल? हार. तात्यासाहेब उभे राहिले, घसा साफ केला. "वाजवणं अप्रतिम. पण नियम तो नियम. बँड तुटला." झेंड्यापुढचा मान जालन्याला.

संध्याकाळी कुणी न सांगता बन्सीनं वही उस्तादांपुढं ठेवली. उस्तादांनी ती डोळ्यांना लावली, पेटीत ठेवली, कुलूप घातलं. "जबान दी थी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहत मास्तर शहागंजात हजर, मागं त्यांचे वीसच्या वीस. "उस्ताद, मिरवणुकीत कालची गत वाजवायची आहे. वही द्या."

"वही पेटी में है. पेटी नै खुलती. मैं नाम भी नै ले सकता."

राहत मास्तरांचा चेहरा पडला. तेव्हा कोपऱ्यातून बन्सी उठला. "वही पेटीत हाये. गत नाय." त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून अठराही जणांचं त्यानं कानानं ऐकून ऐकून पाठ केलं होतं! "क्लॅरिओनेटवाले कोण? या हिकडं. ऐका." आणि तो तोंडानं गायला लागला. दुपारपर्यंत क्लॅरिओनेट, मग कॉर्नेट. मुबारक जालन्याच्या पोरांच्या चुका काढत फिरत होता, जणू मला त्यानंच जन्म दिला होता. उस्ताद सगळ्यांकडं पाठ फिरवून बसले होते. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. फक्त कुणाचा सूर उतरला की भिंतीकडं बघत खाकरायचे.

सव्वीस जानेवारीला जालन्याची वीस आणि आमची अठरा, अशी अडतीस वाद्यं झेंड्यापुढं चालली. राहत मास्तरांनी स्वतःची छडी उस्तादांच्या हातात दिली आणि ते रांगेत मागं गेले. सिटी चौकात ढग आला. बँड थांबला तशी मागची मिरवणूक थांबली. पोलीस थांबले, शाळेची पोरं थांबली, टांगे थांबले, तिरंगा धरलेला माणूस एक पाय पुढं टाकून तसाच थांबला. सगळं शहर बन्सीच्या दोन हातांवर उभं होतं.

आता लग्नसराई चालू आहे. मला मागणी फार! औरंगाबादेत, जालन्यात, परवा तर पैठणच्या एका वरातीत वाजलो. पण वरातीत लोक मला धड ढगातून जाऊ देत नाहीत. बँड थांबला की पाहुणे ओरडतात, कुणी ताशेवाल्याला पुढं ढकलतं. नवरदेवाचा काका येऊन बन्सीला कोपरानं ढोसतो, "वाजव ना रं, झोपला का?" बन्सी त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. अंगठा पेरावर असतो.

म्हणून एवढंच मागणं आहे तुमच्याकडं. कधी रस्त्यानं जाताना मी ऐकू आलो आणि ऐन भरात एकदम गप्प झालो, तर हसू नका, ओरडू नका, पुढं निघून जाऊ नका. हातातलं काम तसंच धरून जागेवर उभे राहा. किती वेळ, ते मोजायची काळजी तुम्ही करू नका.

बन्सी मोजतोय.